तिसऱ्या नंबरचा प्लग

कासला निघालो होतो. सप्टेंबरचा रविवार, बुकिंग ऑनलाईन केलेलं, डबे भरलेले, गाडीत आम्ही सहा जण, आणि यवतेश्वरचा घाट लागला तशी गाडी आचके द्यायला लागली. बंद नाही पडली, पण मागून कुणीतरी शर्ट धरून ओढतंय असं वाटत होतं. दुसऱ्यावर टाकली तरी तेच. आणि मीटरमध्ये ते इंजिनाचं पिवळं चित्र लुकलुकायला लागलं. ते नुसतं पेटलेलं असलं तर आठवडाभर दुर्लक्ष करता येतं (मी करतो), पण लुकलुकलं म्हणजे कुठल्यातरी सिलिंडरमधनं पेट्रोल न जळताच बाहेर चाललंय, आणि ते पुढं सायलेन्सरच्या वाटेवर जो धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो त्यात जाऊन पेटतं, आणि तो एकदा गेला की कास सोडा, पुढच्या दोन दिवाळ्या घरातच.

वळवली गाडी. बायको काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. पुऱ्या आणि बटाट्याची भाजी आम्ही गच्चीवर बसून खाल्ली, समोर अजिंक्यतारा, फुलं नाहीत.

"प्लग गेला आसंल," अण्णा म्हणाले.

अण्णांचं सगळ्या यंत्रांचं निदान हेच असतं. मिक्सर बंद पडला, प्लग बघ. टीव्ही बंद पडला, प्लग बघ. टीव्हीच्या बाबतीत ते बऱ्याचदा खरंपण निघतं म्हणा. पण त्यांचा हा विश्वास येतो तो प्रिया स्कूटरवरनं. ती प्रिया आमच्या साताऱ्यातच बनायची, इथल्या एमआयडीसीत, महाराष्ट्र स्कूटर्समध्ये. 1975 साली बजाज आणि सरकारी महामंडळ यांनी मिळून काढलेली कंपनी, आणि आमच्या गल्लीत निम्मी घरं तरी अशी होती की कुणीतरी तिथं कामाला. त्यामुळं साताऱ्याच्या माणसानं प्रिया सोडून दुसरी स्कूटर घेतली की थोडी गद्दारीच वाटायची. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच ऑईल मिसळायचं, ते ऑईल पण जळणार, त्याचा कार्बन प्लगच्या फटीत साचणार आणि पेट्रोल पेटवणारी ठिणगी बंद. म्हणून डिकीत एक टी-पाना, एक जादा मायकोचा प्लग आणि पॉलिश पेपरचा तुकडा कायम. आज लोक पॉवर बँक घेऊन फिरतात तसं. पोवई नाक्यावर भर गर्दीत स्कूटर बंद पडायची आणि अण्णा शांतपणे बाजूला घेऊन पाच मिनिटांत प्लग काढून, घासून, फुंकर मारून परत बसवायचे, फट मोजायला हॅक्सॉ ब्लेडचं पान. आणि प्रत्येक वेळी बसवायच्या आधी तो प्लग डोळ्यासमोर धरून बघायचे. वैद्य म्हणतो ना जीभ दाखवा, तसं.

खरंच, प्लग म्हणजे इंजिनाची जीभच आहे. बाकी आत काय चाललंय ते उघडल्याशिवाय दिसत नाही, हा एकटा आत तोंड घालून बसलेला असतो आणि बाहेर आला की सगळं सांगतो. खारीसारखा फिकट तपकिरी असला तर तब्येत ठणठणीत. काळा भुसा साचलेला असला तर पेट्रोल जास्त जातंय नाहीतर एअर फिल्टर तुंबलाय. तेलकट ओला असला तर रिंग नाहीतर व्हॉल्व्हच्या सीलकडं बघा आणि खिशाकडंपण. पांढराफटक पडला असेल तर इंजिन तापतंय. आणि गंमत म्हणजे आताच्या गाड्यांत ही जीभ वर्षानुवर्षं कुणी बघतच नाही. आमच्या गाडीला 62 हजार किलोमीटर झाले, प्लग मी एकदाही बघितलेला नाही. वर प्लॅस्टिकचं कव्हर, त्याखाली ठिणगीची वीज देणारी कॉईल, त्याखाली खोल विहिरीत तो.

मिस्त्रीला फोन केला तर तो म्हणाला शुक्रवारी सोडा. मग पोरानं त्याच्या मित्राकडनं ते ब्लूटूथचं छोटं यंत्र आणलं, स्टेअरिंगखाली लावलं आणि मोबाईलवर बघून म्हणाला, तिसरा सिलिंडर मिस करतोय, म्हणजे नीट पेटत नाहीये. अण्णा बोनेटला कान लावून उभे होते, ते म्हणाले पहिला. पहिला नव्हता. पण हे त्यांना कुणी बोलून दाखवलं नाही, आमच्यात तेवढी रीत आहे.

सोमवारी सुट्टी टाकली. रात्रभर गाडी उभी होती म्हणजे इंजिन गार, आणि गारच पाहिजे, कारण प्लग ज्यात बसतो ते हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग फिरवला आणि आटे गेले तर मग रडायला जागा नाही. कव्हर नुसतं ओढलं की निघतं. मग चार कॉईल, प्रत्येकीचा कनेक्टर आणि एकेक 10 नंबरचा बोल्ट. ह्यातला एक बोल्ट पडणार हे ठरलेलंच असतं, पडला, अण्णांनी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून पाच मिनिटांत वर काढला आणि पहिल्या सिलिंडरचा हिशोब चुकता झाला. कॉईल काढल्यावर लगेच प्लगला हात घालायचा नाही, त्या विहिरीत माती असते, प्लग निघाला की ती सरळ इंजिनात. कॉम्प्रेसर कुठला घरी, मग सायकलचा पंप. पोरगा पंप मारतोय, मी नळी धरलीये, अण्णा वरनं "आजून मार, आजून मार."

प्लगची गोटी, लांब एक्स्टेंशन, जरासा जोर, कर्र आवाज, सुटला. पहिला, दुसरा आणि चौथा खारीसारखे. चौथा विंडशील्डच्या खाली दडलेला, त्याला काढताना मनगट सोलून निघालं ते वेगळं. तिघांचीपण फट झिजून वाढलेली. पोरगा मोबाईलवर हिशोब करत बसला: दोन हजार आरपीएमला एक प्लग मिनिटाला हजार वेळा पेटतो, ताशी 40 धरले तर 62 हजार किलोमीटरला साडेपंधराशे तास, म्हणजे प्रत्येक प्लगच्या नऊ कोटींच्या वर ठिणग्या. अण्णा म्हणाले, "मग घासून घालू की परत," आणि खिशातनं खरंच पॉलिश पेपर काढला. हे इरिडियमचे आहेत, अण्णा, टोक अर्धा मिलिमीटर, घासलं की संपलं, असं सांगितल्यावर त्यांनी तो कागद घडी करून परत खिशात ठेवला, पण चेहरा असा की वस्तू घासता येत नाही तर ती वस्तू कसली.

मग तिसरा.

तिसऱ्याच्या खालच्या बाजूला काहीच नव्हतं, फिकट तपकिरी, बाकीच्यांसारखाच. पण वरची षटकोनी कड गंजलेली, लालभडक, आणि पांढऱ्या चिनी मातीवर वरपासून खालपर्यंत एक काळी बारीक रेघ. मी बघितली आणि मला गणपतीच्या आदल्या दिवसाची आठवण झाली. गणपती आणायला गाडी चकाचक पाहिजे म्हणून कोपऱ्यावरच्या वॉशिंग सेंटरला मीच नेली होती, आणि पोरगं नुसतं बाहेरनं धूत होतं तर मीच बोनेट उघडून म्हणालो होतो, इंजिन पण मार, चांगलं प्रेशरनं मार. ते पाणी तिसऱ्या विहिरीत उतरलं आणि तिथंच बसलं. कॉईल बारा व्होल्टचे वीसेक हजार करून पाठवते, त्या विजेनं खालची फट उडी मारून ओलांडायची असते, पण बाहेरनं ओली वाट मिळाली तर ती कशाला उडी मारेल. ती बाहेरनंच चिनी मातीवरनं सरकत लोखंडाला जाऊन भिडते आणि जाताना रेघ ओढून जाते. गावात सपाटीला कळलं नाही. घाटात पाय दाबला की सिलिंडरमध्ये दाब वाढतो, दाब वाढला की उडी अवघड, मग ती हमखास सोप्या वाटेनं पळते. म्हणून यवतेश्वर.

अण्णांनी प्लग हातात घेतला. अंगठ्यानं गंज पुसला, अंगठा बघितला, मग माझ्याकडं बघितलं. गणपतीच्या आदल्या दिवशी ते पुढच्या सीटवर बसले होते. बायको दारातनं विचारत होती, काय झालं होतं ओ? "जुना झालता," अण्णा म्हणाले आणि प्लग खिशात टाकला.

नवे बसवायचं काम त्यांनीच केलं. प्रियाच्या पेट्रोल पाईपचा वीतभर तुकडा त्यांच्या पत्र्याच्या डब्यात अजून आहे, तो प्लगच्या डोक्यात घालायचा आणि बोटांनी फिरवत खाली सोडायचा, आटे तिरके लागले तर रबर नुसतं निसटतं, पान्याला मात्र ते कळत नाही, तो आटे खाऊनच थांबतो. हातानं घट्ट होईपर्यंत आणि मग पान्यानं फक्त अर्धा-पाऊण फेरा, वॉशर दबला की बस. तिसऱ्या कॉईलचं रबर पण बदलावं लागलं, कारण तीच रेघ त्याच्या आतल्या अंगाला उमटलेली असते आणि जुन्या रबरात नवा प्लग घातला की परत तोच खेळ. ते रबर पुण्याहून यायला दोन दिवस गेले.

पुढच्या रविवारचं कासचं बुकिंग फुल्ल होतं, त्याच्या पुढचं मिळालं. परत पुऱ्या, परत सहा जण. कोपऱ्यावरनं वळताना वॉशिंग सेंटरच्या पोरानं ओळखीचा हात केला.

"थांबायचं का?" अण्णा म्हणाले. "धुऊन घिऊया."

"नको ओ अण्णा, वर चिखलच आहे, परत घाण होणार," बायको मागनं म्हणाली.

"न्हाय," अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्हणलं आतनं."