बारा हजारांचा सरंजाम

‘सरंजाम’ हा शब्द आज आपल्या बोलण्यात उरला आहे तो लग्नकार्याच्या साहित्यापुरता, नाहीतर ‘सरंजामशाही’ म्हणून एखाद्या पुढाऱ्याला नावे ठेवण्यापुरता. त्यामुळे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी दिलेले निकालपत्र वाचताना तो इंग्रजी मजकुरात अचानक समोर आला, तेव्हा ते वाक्य मी थांबून पुन्हा वाचले. मराठ्यांनी पोर्तुगीजांना दादरा आणि नगर हवेलीत जे दिले ते वर्षाला १२,००० रुपये उत्पन्नाची जहागीर किंवा सरंजाम एवढेच होते, त्या मुलखाचे सार्वभौमत्व नव्हते, असे न्यायालयाने तेथे स्वच्छ म्हटले आहे.

खटला पोर्तुगालने भारतावर गुदरला होता. १४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळाला, १९ तारखेला त्याने न्यायालयाचा अधिकार मान्य केला आणि २२ तारखेला अर्ज दाखलही केला. इतकी तातडी पाहिली की कागद आधीच तयार असावेत अशी शंका येते. मागणी दिसायला साधी होती. दमण समुद्रकाठी, दादरा त्याच्या पूर्वेला आत, मग भारतीय हद्दीचा एक पट्टा आणि त्यापलीकडे नगर हवेली, अशी तेथील भूगोलाची रचना आहे. या तुकड्यांमध्ये ये-जा करण्याचा हक्क आपल्याला आहे आणि भारताने तो अडवला, ही पोर्तुगालची तक्रार होती. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये गोमंतकीय कार्यकर्त्यांनी आणि त्यांच्याबरोबर गेलेल्या, संगीतकार सुधीर फडके यांच्यासारख्या महाराष्ट्रातील स्वयंसेवकांनी आधी दादरा आणि मग नगर हवेलीचे मुख्य ठाणे सिल्वासा मुक्त केले होते, आणि भारत सरकारने पोर्तुगीज कुमक आपल्या हद्दीतून जाऊ दिली नव्हती.

भारताच्या बाजूने महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड उभे राहिले, तर तदर्थ, म्हणजे या खटल्यापुरते नेमलेले न्यायाधीश म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती चागला बसले. वाद थेट पुणे दरबाराने पोर्तुगीजांशी केलेल्या १७७९ च्या तहापर्यंत आणि त्यानंतरच्या १७८३ व १७८५ च्या सनदांपर्यंत गेला. तहाच्या सतराव्या कलमाचे निरनिराळे पाठ शेजारी ठेवून न्यायालयाने शब्दांचा कीस काढला. त्याचा निष्कर्ष मला फार नेमका वाटतो: मुलूख कायमचा तोडून द्यायचा असे तेव्हा मराठ्यांच्या तहांमध्ये तसे स्पष्ट शब्द येत, येथे ते नाहीत. सरंजाम म्हणजे वसूल नेमून देणे. देणाऱ्याची मालकी त्याने सुटत नाही, हे पेशवे दफ्तरातल्या कोणत्याही कारकुनाला सांगावे लागले नसते.

येथवर वाचून वाटते की पोर्तुगालचा दावा संपला. पण पुढच्याच परिच्छेदात पारडे फिरते. मराठी सत्ता गेल्यावर इंग्रज आले, तेव्हा त्यांना या गावांत पोर्तुगीजांचा संपूर्ण अंमल दिसला आणि त्यांनी तो आहे तसा चालू दिला. मराठ्यांचे वारस म्हणून त्यांनी स्वतः हक्क सांगितला नाही, पोर्तुगीजांना उघड मान्यताही दिली नाही. त्यांनी फक्त हरकत घेतली नाही. या न घेतलेल्या हरकतीतून सार्वभौमत्व सिद्ध झाले असे न्यायालयाने धरले, आणि स्वतंत्र भारतानेही ते मूकपणे मान्य केले असे म्हटले. म्हणजे पेशव्यांनी जे दिले नव्हते ते इंग्रजांच्या मौनातून मिळाले. दोन वसाहतवादी सत्तांनी एकमेकींच्या कुंपणाकडे काणाडोळा केला आणि त्या काणाडोळ्यालाच कायद्याने हक्क म्हटले, हे मला आजही पचत नाही.

निकालाचे आकडेही बोलके आहेत. खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यासाठी भारताच्या नियंत्रणाखाली वाट होती, हे ११ विरुद्ध ४ मतांनी ठरले. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांच्यासाठी नव्हती, हे ८ विरुद्ध ७, म्हणजे एका मताने. आणि १९५४ मध्ये भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, हे ९ विरुद्ध ६. पोर्तुगालला हक्क मिळाला, पण गेलेली सत्ता परत आणायला लागणारी बंदूक त्या हक्कात बसली नाही.

एवढ्या सगळ्या पानांत वारली, धोडिया, कोकणा या तेथील माणसांना काय हवे होते, हा प्रश्न मात्र कोणी न्यायालयापुढे ठेवलाच नव्हता. खटला वाटेचा होता. त्यात गावे होती, गावकरी नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने वसाहतींच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत केला आणि लगोलग गोव्यासह पोर्तुगालच्या ताब्यातील प्रदेश स्वयंशासन नसलेले म्हणून नोंदवले, तेव्हा कुठे हे प्रदेश लिस्बनचे ‘सागरपार प्रांत’ आहेत हा दावा अधिकृतपणे फेटाळला गेला. वर्षभराने भारताने गोव्यात सैन्य घातले. सुरक्षा परिषदेत भारताला माघारीस सांगणारा ठराव सात मते मिळूनही सोव्हिएत नकाराधिकाराने पडला. गोव्याच्या मुक्तीबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण हेगमध्ये आपण सनदांचा अर्थ लावत होतो आणि न्यूयॉर्कमध्ये आपल्याला एका महासत्तेच्या हाताचा आधार लागला, ही गोष्ट झाकून ठेवण्यातही अर्थ नाही.

१९५४ नंतरची सात वर्षे दादरा आणि नगर हवेली प्रत्यक्षात ना पोर्तुगालच्या ताब्यात होती, ना भारतात विलीन झाली होती. कारभार तेथील वरिष्ठ पंचायत पाहत होती. अखेर ऑगस्ट १९६१ मध्ये विलीनीकरण ठरले, तेव्हा भारताच्या पंतप्रधानांबरोबर करारावर सही करायला समोरही तोलामोलाचा माणूस हवा होता. म्हणून के. जी. बदलानी या भारतीय प्रशासकीय सेवेतल्या अधिकाऱ्याला एका दिवसासाठी दादरा आणि नगर हवेलीचे पंतप्रधान करण्यात आले, आणि त्यांनी सही केली.