शेतकऱ्याच्या पट्टीवर मुनीमजींची टीप

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता. नागपूरच्या कळमना बाजारात आंबिया बहाराच्या संत्र्याची आवक जोरात होती, म्हणजे आम्ही ज्या अडत दुकानाचं वेब अ‍ॅप्लिकेशन सांभाळतो त्याच्यावर वर्षातला सगळ्यात जास्त ताण. सकाळी साडेनऊला दुकानातून फोन आला. काटोलकडचे एक शेतकरी मोबाइल पुढं करून काउंटरवर उभे होते.

"भाऊ, हे कोनं लिवलं माह्या पट्टीवर?"

लॉट, वजन, भाव, हमाली, तोलाई सगळं बरोबर होतं. पण खाली बारीक अक्षरात एक ओळ जास्तीची होती: ‘उचल आधीच जास्त. पुढं हात आखडता.’ उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे. ही टीप मुनीमजींनी दुकानापुरती लिहिलेली. ज्यांच्याबद्दल लिहिली, नेमकी त्यांनीच ती वाचली.

आधी रचना सांगतो. एका लॉटचे तीन कागद निघतात: दुकानाची नोंद, शेतकऱ्याची हिशोबपट्टी आणि खरेदीदाराचं बिल. बराच मजकूर तिन्हीकडे तोच, फरक थोडा. पण जो आहे तो महत्त्वाचा. २०१६ पासून राज्यात फळं-भाजीपाल्याची अडत (विक्रीवरची दलाली) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची आहे, त्यामुळे अडतीची ओळ बिलात हवीच आणि पट्टीत नकोच. मुनीमजींची टीप फक्त दुकानाच्या नोंदीत. पूर्वी या तीन कागदांच्या तीन वेगळ्या टेम्प्लेट (पानाचे साचे) होत्या. एकदा तोलाईचा रकाना बदलला तेव्हा दोन ठिकाणी दुरुस्ती झाली आणि तिसरी राहून गेली. म्हणून आम्ही लॉटची ओळ एका पार्शलमध्ये (साच्याच्या वेगळ्या तुकड्यात) काढली आणि तिन्ही पानांवर ती ‘इन्क्लूड’ केली, म्हणजे तिथं ओढून घेतली. हे सगळं जँगोवर चालतं; जँगो म्हणजे पायथन भाषेत वेब अ‍ॅप्लिकेशन बांधायचा तयार सांगाडा, फ्रेमवर्क. खाली व्हेरिएबलची नावं देवनागरीत लिहितोय ती फक्त वाचायला. कोडमध्ये ती रोमन आहेत. पायथनला देवनागरी नाव चालतं, पण जँगोच्या टेम्प्लेटला काना-मात्रा आली की ते नाव पुढं वाचताच येत नाही आणि चूक दाखवून थांबतं.

पार्शलमध्ये टिपेवरची अट अशी होती: ‘इफ नॉट शेतकरी_प्रत’. म्हणजे शेतकऱ्याची प्रत नसेल तर टीप दाखव. पट्टीच्या पानावरून इन्क्लूड करताना ‘विथ शेतकरी_प्रत=ट्रू’ असं पाठवलं जायचं. चार दिवसांपूर्वी पट्टीला छपाईचं वेगळं पान जोडलं. त्यातही तेच पार्शल आलं, पण ‘विथ’ लिहायचं राहिलं.

इथं जँगोचा स्वभाव आडवा येतो. टेम्प्लेटमध्ये नसलेलं नाव वापरलं तर तो ओरडत नाही. छापायचं असेल तर रिकामी जागा छापतो आणि ‘इफ’मध्ये असेल तर त्याला ‘नन’ (काहीच नाही) समजतो. ‘नॉट नन’ म्हणजे खरं, म्हणजे टीप दाखव. स्पेलिंग चुकलं तरी हेच होतं. पायथनच्या कोडमध्ये अशी चूक केली तर प्रोग्राम तिथल्या तिथं पडतो. टेम्प्लेटमध्ये पान नीट दिसतं आणि जे झाकायचं तेच उघडं पडतं.

छपाईच्या पानावर ‘विथ’ जोडलं, सव्वादहाला बदल सर्व्हरवर चढवला आणि दुकानात कळवलं. अकराच्या सुमारास पुन्हा फोन. दुसरे शेतकरी, दुसरी टीप. पण हे छपाईचं पान नव्हतं, नेहमीचं पट्टीचं पान होतं, जिथं ‘विथ’ अट आली त्या दिवसापासून आहे.

मी तीच लिंक इथं उघडली. टीप नाही. पुन्हा उघडली, नाही. तिसऱ्यांदा रिफ्रेश केलं, आणि टीप समोर. चौथ्यांदा परत गायब. फोनवर मुनीमजी होते, म्हणाले, "लपवाले गेलो तं दिसते, पाहाले गेलो तं लपते." दोषाचं याहून नेमकं वर्णन मी आजवर कुठल्या तक्रारीत वाचलेलं नाही.

तोच पत्ता, तोच डेटा, पण दर वेळी वेगळं पान. असं झालं की पहिला संशय कॅशेवर घ्यावा, म्हणजे एकदा तयार केलेला मजकूर पुन्हा वापरायला ठेवणाऱ्या साठवणीवर. पार्शल उघडून वरपासून वाचलं. पहिलीच ओळ होती ‘कॅशे ६०० लॉट_ओळ लॉट.आयडी’. मागच्या हंगामात दुकानाची यादी हळू उघडते अशी तक्रार होती, तेव्हा कुणीतरी (आमच्यापैकीच) पार्शलचा सगळा मजकूर दहा मिनिटांसाठी साठवायची ही सोय केली होती. ती केली तेव्हा पार्शलमध्ये अट नव्हती. अट नंतर आली, आणि ती कॅशेच्या पोटात गेली.

या कॅशे टॅगची किल्ली (साठवलेला तुकडा ओळखायचं नाव) दोनच गोष्टींतून बनते: तुकड्याचं नाव आणि त्यापुढं दिलेल्या किमती. त्या किमतींचा एमडी५ (एक लहान ठसा) काढून नावाला जोडला जातो. आमच्याकडे किंमत एकच होती, लॉटचा क्रमांक. पान कोण पाहतंय याचा त्या किल्लीत पत्ताच नाही. दुकानात मुनीमजींनी लॉट उघडला की टिपेसकट तयार एचटीएमएल साठवलं जायचं. पुढच्या दहा मिनिटांत शेतकऱ्यानं पट्टी उघडली की अट तपासलीच जात नव्हती. साठवलेला तुकडा जसाच्या तसा जात होता.

मग तीन रिफ्रेशमध्ये एकदाच का? सेटिंगमध्ये कॅशेची जागा कुणी लिहिलीच नव्हती, त्यामुळे जँगोची मूळ सोय चालू होती: प्रोसेसच्या (चालू प्रोग्रामच्या) स्वतःच्या मेमरीत साठवण. सर्व्हरवर गुनिकॉर्नचे (जँगो चालवणाऱ्या प्रोग्रामचे) तीन वर्कर चालतात, म्हणजे तीन वेगळ्या प्रोसेस, आणि प्रत्येकाची मेमरी वेगळी. मुनीमजींची विनंती ज्या वर्करनं घेतली त्याच्याकडेच टिपेचा तुकडा. उरलेल्या दोघांकडे शेतकऱ्याची शुद्ध प्रत. विनंती कुणाच्या वाट्याला येईल त्यावर सगळं.

आमच्या मशीनवर हे आधी का दिसलं नाही, तेही तेव्हाच कळलं. डेव्हलपमेंटच्या सेटिंगमध्ये डमी कॅशे होती, जी काहीच साठवत नाही. तिथं अट दर वेळी तपासली जायची आणि उत्तर दर वेळी बरोबर यायचं.

घाईत मी एक चूक केली. सर्व्हरवर जँगोचं शेल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून कॅशे रिकामी करण्याची आज्ञा दिली. काही फरक पडला नाही. पडणारच नव्हता: शेल ही चौथी प्रोसेस, तिनं स्वतःची रिकामी मेमरी आणखी रिकामी केली. अशी साठवण बाहेरून लगेच रिकामी करायला वर्कर रीस्टार्ट करण्यावाचून इलाज नाही. (आणि अडत दुकानाशी फोन चालू असताना "कॅश साफ करतो" असं मोठ्यानं म्हणू नये. पलीकडं क्षणभर शांतता पसरते.) तात्पुरतं म्हणून कॅशेचा टॅग काढला, सर्व्हिस रीस्टार्ट केली, आणि गळती थांबली. तेव्हा साडेअकरा वाजले होते.

खरी दुरुस्ती दुपारी केली. तिचे भाग एकमेकांवर अवलंबून आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं काम अट उलटी करण्याचं. ‘शेतकरी_प्रत नसेल तर दाखव’ऐवजी ‘दुकान_प्रत असेल तरच दाखव’. दिसायला फरक शब्दांचा, पण नाव पाठवायला विसरलं तर आता टीप झाकलेली राहते. उद्या एखादं पान विसरलंच तर मुनीमजी टीप दिसत नाही म्हणून फोन करतील. तो फोन परवडतो. झाकायच्या गोष्टीसाठी ‘नॉट’नं सुरू होणारी अट पार्शलमध्ये लिहायची नाही, हा त्या दिवसापासून आमच्याकडे रिव्ह्यूचा (कोड तपासणीचा) नियम आहे.

दुसरं, इन्क्लूडला ‘ओन्ली’ जोडलं. एरवी इन्क्लूड केलेल्या पार्शलला बाहेरच्या पानाचा सगळा संदर्भ आपसूक मिळतो. त्यामुळे एका पानावर पार्शल चालतं आणि दुसऱ्यावर तेच मुकं होतं, कारण पहिल्या पानाच्या व्ह्यूनं (पानाला डेटा पुरवणाऱ्या कोडनं) योगायोगानं ते नाव दिलेलं असतं. ‘ओन्ली’ लावलं की ‘विथ’मध्ये लिहिलेलं तेवढंच आत जातं. लिहायला लांबट होतं, पण पार्शलला काय काय लागतं ते इन्क्लूडच्या ओळीवरच वाचता येतं.

तिसरं, टीप मूळ पार्शलमधून काढून तिचं छोटं वेगळं पार्शल केलं, जे फक्त दुकानाच्या पानावरून बोलावलं जातं. माझ्या मते एका पार्शलमध्ये पाहणाऱ्यानुसार तीनपेक्षा जास्त अटी आल्या की ते तोडायची वेळ झाली. शिवाय जँगोच्या ‘इफ’मध्ये कंस चालत नाहीत आणि ‘अँड’ हा ‘ऑर’च्या आधी बांधला जातो, त्यामुळे ‘मालक ऑर मुनीम अँड आजचा_लॉट’ असं लिहिलं की मालकाला सगळे लॉट आणि मुनीमला फक्त आजचे, असा अर्थ निघतो. लिहिणाऱ्याच्या मनात तो असतोच असं नाही. अशी जोडअट व्ह्यूमध्ये सोडवावी आणि टेम्प्लेटला एक नाव द्यावं.

चौथं म्हणजे टीप शेतकऱ्याच्या पानापर्यंत पोचूच द्यायची नाही. एका सहकाऱ्यानं सुचवलं की क्वेरीला (डेटाबेसकडच्या मागणीला) ‘डिफर’ लावू, म्हणजे टीप आधी आणायचीच नाही. त्यानं काम होत नाही. ‘डिफर’ केलेलं फील्ड टेम्प्लेटनं मागितलं की जँगो मुकाट्यानं वेगळी क्वेरी करून ते आणून देतो; म्हणजे टीप दिसणार ती दिसणारच, वर एक क्वेरी जास्त. आम्ही ‘व्हॅल्यूज’ वापरून मोजकी फील्डं घेतली. त्या डिक्शनरीत टीप नसतेच, टेम्प्लेटनं मागितली तरी हाती रिकामं येतं.

राहिली कॅशे. ठेवायची असती तर किल्लीत प्रतीचा प्रकार घालावा लागला असता: ‘कॅशे ६०० लॉट_ओळ लॉट.आयडी प्रत’. इथंही तोच सापळा आहे. ‘प्रत’ पाठवायला विसरलं तर तिची किंमत रिकामी धरली जाते, आणि विसरलेल्या सगळ्या पानांची किल्ली एकच होते. पण मुळात कॅशे लागत होती का? मोजून पाहिलं. दुकानाच्या यादीत साठ लॉट, आणि पार्शल प्रत्येक ओळीत खरेदीदाराचं नाव आणि शेतकऱ्याचं गाव मागत होतं. एक अधिक साठ अधिक साठ, एकूण १२१ क्वेरी. व्ह्यूमध्ये ‘सिलेक्ट रिलेटेड’ला दोन्ही नाती दिली, तर जॉइन असलेली (सगळं जोडून एकदम आणणारी) एकच क्वेरी उरली. यादी कॅशेशिवायच चटकन उघडायला लागली. टॅग कायमचा गेला.

हात घातलाच होता म्हणून बाकीची टेम्प्लेटही चाळली. खरेदीदाराच्या बिलात शेतकऱ्याचा मोबाइल नंबर एचटीएमएलच्या कॉमेंटमध्ये होता. पानावर दिसत नाही, पण ब्राउझरपर्यंत जातो आणि सोर्स उघडणाऱ्याला वाचता येतो. जँगोची स्वतःची कॉमेंट वापरली असती तर सर्व्हरवरच राहिला असता. एका ठिकाणी सीएसएसनं ‘डिस्प्ले नन’ करून लपवलेली अडत सापडली, तीही तशीच. हमालीची ओळ मात्र वेगळ्या कारणानं चुकत होती. अट ‘इफ लॉट.हमाली’ होती, आणि शून्य रुपये हमाली हे पायथनच्या लेखी खोटं. त्यामुळे चुरीच्या (बारीक फळाच्या) छोट्या लॉटची हमाली माफ केली की ओळच गायब व्हायची, आणि शेतकरी विचारायचे की हमाली कुठं लपवून कापली. ‘इज नॉट नन’ लिहिलं, आता ‘हमाली: ०’ दिसतं.

नसलेली नावं शोधायला ‘स्ट्रिंग इफ इनव्हॅलिड’ (नसलेल्या नावाच्या जागी ठरलेला मजकूर छापणारी) ही सेटिंग आधी लावून पाहिली. छापल्या जाणाऱ्या नावांपुरती ती उपयोगी, पण ‘इफ’मधलं नसलेलं नाव तिच्या हाती लागत नाही. त्यापेक्षा ‘जँगो डॉट टेम्प्लेट’ या लॉगरची (नोंदी लिहिणाऱ्या भागाची) पातळी डीबगवर, म्हणजे बारीकसारीक नोंदींवर, आणली. न सापडलेलं प्रत्येक नाव तो टेम्प्लेटच्या नावासकट नोंदवतो. आरडाओरडा फार करतो, म्हणून फक्त आमच्या मशीनवर आणि तेवढ्या दुपारपुरता.

शेवटी टेस्ट. नुसतं पट्टीचं पान उघडून ‘यात टीप नाही’ असं तपासणारी टेस्ट आमच्याकडे आधीपासून होती आणि ती रोज पास होत होती. क्रम महत्त्वाचा होता. नव्या टेस्टमध्ये खरी मेमरी कॅशे चालू करतो, सुरुवातीला ती रिकामी करतो (दोन टेस्टच्या मधे जँगो ती आपणहून रिकामी करत नाही), आधी दुकानाचं पान उघडून टीप आहे हे तपासतो, मग त्याच लॉटची पट्टी उघडून टीप नाही हे तपासतो. मग उलटा क्रम. जुन्या कोडवर चालवली तेव्हा दोन्ही क्रम लाल (नापास) आले.

उलटा क्रम लाल आला तेव्हा एक जुनी गोष्ट आठवली. आठ दिवसांपासून मुनीमजी सांगत होते की लिहिलेली टीप मधेच दिसेनाशी होते आणि थोड्या वेळानं परत येते. इंटरनेट हळू असेल म्हणून आम्ही ते बाजूला ठेवलं होतं. संध्याकाळी त्यांना फोन करून कधी कधी झालं ते विचारलं. त्यांनी वहीत तीन तारखा वेळेसकट लिहून ठेवल्या होत्या. सर्व्हरच्या लॉगशी ताडून पाहिल्या. तिन्ही वेळा, मुनीमजींच्या आधी दहा मिनिटांच्या आत, त्याच लॉटची पट्टी शेतकऱ्यानं मोबाइलवर उघडलेली होती.