सूर्य दिसला एकदाचा!

काल २१ जानेवारी, उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोत सूर्य परत आला, नोव्हेंबरच्या शेवटी जो गेला तो थेट आत्ता, तोही डोंगराच्या वर जेमतेम काही मिनिटं. शाळेतली पोरं, ऑफिसातली माणसं सगळी बाहेर, हातात जॅम भरलेले बन, इथे त्यांना सूर्याचे बन म्हणतात, माझ्या हातमोज्याला चिकटलेली साखर घरी येईपर्यंत तशीच होती. समुद्रातल्या कोमट प्रवाहामुळे थंडी तशी बेताचीच, खरा त्रास घसरड्या बर्फाचा, बुटांना खिळ्यांचे पट्टे लावल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकवत नाही.

पण मी इथे रमले ती एका कायद्यामुळे. १९५७ चा आहे, रानात, डोंगरावर कुणीही फिरावं, जमीन कुणाच्या का मालकीची असेना, तंबूसुद्धा ठोकता येतो, फक्त राहत्या घरापासून १५० मीटर लांब. पुण्यात टेकडीवर एकटी गेले की आईचे दहा फोन यायचे, इथे डिसेंबरात दुपारी दोनच्या अंधारात डोक्याला टॉर्च बांधून एकटी जायचे, कुणी अडवत नाही की कुठे निघालीस विचारत नाही. पायाखाली बर्फ करकरतो, खाली गावाचे दिवे, आणि इतकं मोकळं मला आधी कधीच वाटलं नव्हतं. आज परत जाणारे, ढग नसले तर सूर्य कालपेक्षा जास्त वेळ दिसेल.