तुम्ही विचारलंत म्हणून: कपाटातलं टीचभर इंजिन

"मिस्त्री, हे फवारणी पंपाचं हाय का?" जालन्यात माझ्या लेथच्या दुकानात काम घेऊन आलेला माणूस बसल्या बसल्या कपाटाकडे बघतो आणि हमखास हेच विचारतो.

पंपाचं नाही. पंपाच्या इंजिनाला स्पार्क प्लग लागतो. याला प्लग नाही, इंजेक्टरही नाही. डोक्यावर नुसता आडव्या दांडीचा स्क्रू. तो आवळला की सिलिंडरच्या वरच्या टोकाला बसवलेला दुसरा पिस्टन जरासा खाली सरकतो आणि कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, वाढतं. असल्या टीचभर इंजिनाला 'मॉडेल डिझेल' म्हणतात. पण नावावर जाऊ नका, पेट्रोल पंपावरचं डिझेल याला चालत नाही. ईथर, रॉकेल आणि एरंडेल साधारण सम भागात मिसळायचं. ईथर नुसत्या दाबाने पेट घेतं, रॉकेल जोर देतं, एरंडेल वंगणाचं काम करतं.

मग कशाचं? शाफ्टचं टोक बघा, पंखा आवळायचा नट आहे. होडीचं असतं तर सिलिंडरभोवती पाण्याचं जॅकेट आणि शाफ्टवर फ्लायव्हील दिसलं असतं. इथे सिलिंडरभोवती नुसत्या फिन्स, पातळ चकत्यांसारख्या कडा, म्हणजे पंख्याच्याच वाऱ्यावर थंड होणारं. छोट्या विमानाचं इंजिन आहे हे. दोन तारा हातात धरून गरागरा फिरवतात ना, तसल्या. एनसीसीच्या एअर विंगमध्ये उडवतात तसली विमानं.

जालन्यात सळईच्या मिलसाठी कुठकुठलं भंगार येतं, त्यातच हे आलं. अंगावर ना नाव, ना नंबर. खोलून मापं घेतली: बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) १०.३ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) १५.९. म्हणजे सुमारे १.३ सीसी, आणि स्ट्रोक बोअरच्या दीडपट. इंग्लंडच्या मिल्स कंपनीने १९४६ मध्ये काढलेल्या १.३ सीसी इंजिनाची हीच मापं. इथवर आलो की लोकांचे डोळे चमकतात: "विलायती माल!"

पण क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या खोक्याच्या, भोकांतले आटे मेट्रिक निघाले. ब्रिटिश कारखाने तेव्हा असल्या बारीक कामाला बीए, म्हणजे त्यांच्या ब्रिटिश पद्धतीचे, आटे पाडत. स्क्रू कुणीही बदलेल, कास्टिंगमधली भोकं कोण बदलत बसतो? मिल्सच्या नकला पुढे आपल्याकडेही झाल्या, आणि मेट्रिक मापांचा कायदा आला १९५६ ला. त्यामुळे माझ्या मते हे त्यानंतरचं, देशी हातचं. आणि काम झकास आहे. पिस्टनला रिंग नाही, तरी पंखा फिरवला की दाब बोटाला जाणवतो.

चालवून दाखवा म्हणाल, तर नाही. वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात तिथे ईथरची बाटली मी ठेवणार नाही.

तुमच्याकडे असलं काही जाम झालेलं आलं, तर पान्याने पंखा ओढू नका. कनेक्टिंग रॉड वाकतो. आत बहुतेक एरंडेल वाळून चिकटलेलं असतं. रॉकेलमध्ये भिजत टाका आणि चार दिवस विसरून जा.