जीज बेंडच्या वाकळा

आज अमेरिकेतल्या अलाबामात जीज बेंडला जाऊन आले. तिन्ही बाजूंनी नदीनं वेढलेलं गाव. इथल्या बायका म्हणजे कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून राबलेल्यांच्या वंशातल्या. त्यांच्या वाकळा २००२ मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत लागल्या, २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली.

पण मला आवडल्या त्या कामाच्या कपड्यांच्या. एका आजींनी जीनच्या पँटची वाकळ उलगडली. खिसा उसवलेल्या जागी गडद निळा चौकोन, बाकी कापड उन्हानं पार विटलेलं. मी कितीतरी वेळ त्यावरून हात फिरवत बसले. याच गावच्या मिसूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये नवरा वारल्यावर त्याच्याच कपड्यांची वाकळ शिवली होती. आमच्या परभणीकडं आईनंही अण्णांची धोतरं अशीच वाकळेत घातली. जुनेर फेकवत नाही, माणूस असतं त्यात.

इथं ‘हाउसटॉप’ नावाची जोडणी आहे: मधे एक तुकडा, त्याभोवती पट्ट्या जोडत बाहेर बाहेर जायचं. आई काठापासून टाका घालत आत येते. आता मधून सुरू करून बघायचंय, नऊवारीच्या काठांच्या पट्ट्या घेऊन. नमुना मापात बसलाच पाहिजे हा हट्ट इथल्या बायका धरत नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्या वाकळा इतक्या देखण्या वाटतात.

मावशी, आत्या, काकू, मी येईपर्यंत घरातली जुनी लुगडी भांडीवाल्याला देऊ नका. सगळी मला पाहिजेत.