माझं वय, बाबांचं वय

आज वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले. डावीकडे माझं वय, उजवीकडे बाबांचं. मी २४, ते ६३. नोकरी सोडून आता डॉक्टर व्हायला निघायचं का, त्याचा हा हिशेब. मेडिकलची साडेपाच वर्षं, इंटर्नशिप धरून. पुढे एमडीची तीन. मधे प्रवेश परीक्षेपायी एखादं वर्ष जाणारच, ते न धरणं म्हणजे स्वतःलाच गंडवणं. म्हणजे मी ३३-३४ची होईन तेव्हा बाबा ७३ला टेकलेले असतील. दुसऱ्या देशांत तरी काही वेगळं असेल म्हणून बघितलं. ब्रिटनमध्ये पदवीलाच पाच-सहा वर्षं. अमेरिकेत आधी एक पदवी, मग मेडिकलची चार, आणि नंतर शाखेप्रमाणे तीन ते सात वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात काम करता करता घ्यायचं पुढचं शिक्षण. कुठूनही गेलं तरी तिशी उलटतेच.

सगळे विचारतात, "झेपेल का?" अभ्यासाबद्दल विचारतात. अभ्यासाची मला खरंच भीती नाही. ताईनं (मावसबहीण, मेडिसिनची रेसिडेंट आहे) एकदा वर्तमानपत्राच्या समासात ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं, काढून दाखवला होता. मानेतून पाच मुळं निघतात, त्यांची तीन खोडं होतात, खोडांना फाटे फुटतात, फाटे पुन्हा एकमेकांत मिसळतात आणि शेवटी त्यातूनच हाताच्या नसा निघतात. काढता काढता म्हणाली, "कोपर आपटलं की झिणझिण्या करंगळीत का येतात, अंगठ्यात का नाही, ते बघ." आणि पेनानं अल्नार नर्व्ह नावाची नस कोपराच्या मागून थेट करंगळीपर्यंत ओढत नेली. तो कागद अजून माझ्याकडे आहे. पाठांतर रटाळ असतं म्हणतात, असेल. पण अशी एखादी गोष्ट कळल्यावर जे वाटतं, ते आत्ताच्या नोकरीत मला एकदाही वाटलेलं नाही.

अडतं ते दुसरीकडेच.

ताईचा फोन येतो तो ती वॉर्डातून लॅबकडे निघालेली असते तेव्हा. तेवढ्या चालण्यात घरच्या सगळ्यांची चौकशी होते, मधेच कुणाला तरी "सोडियमची टेस्ट पाठवली का?" असं ओरडून विचारून होतं, मग "लिफ्ट आली गं" आणि फोन बंद. मावशीला हे पाठ झालंय. फोन वाजला की ती आधी महत्त्वाचं सांगून घेते, रडगाणं शेवटी ठेवते. शेवटापर्यंत ताई कधी पोचत नाही.

जागरणांबद्दलही वाचत बसले. १९९७ साली एक प्रयोग झाला होता. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचे हात आणि डोकं, रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखं चालतं. २४ तासांनंतर त्याहून वाईट. अमेरिकेत रेसिडेंटच्या कामाला देशभर आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली ती २००३ साली, आणि तीही चार आठवड्यांची सरासरी काढून. युरोपच्या कायद्यात ४८ तास आहेत. ८० ही 'मर्यादा' म्हणून सांगावी लागते यातच सगळं आलं. सर्जनच्या प्रशिक्षणाची ही कडक पद्धत घालून देणारे जॉन्स हॉपकिन्सचे विल्यम हॉल्स्टेड स्वतः कोकेनच्या आहारी गेले होते, कोकेननं भूल देता येते का ते स्वतःवर टोचून बघता बघता. त्यांच्या वेळापत्रकाला आपण अजून शिस्त म्हणतो. असो. रात्री हे वाचू नये.

"आवड असली की सगळं निभतं" हे वाक्य आता ऐकवत नाही. आवड माझी. निभवायचं मात्र माझ्याबरोबर बाबांना, आईला, नवऱ्यालाही आहे, आणि त्यांना अल्नार नर्व्हचं काडीचं कौतुक नाही. माझी झोप जाईल, सणवार जातील, मैत्रिणींची लग्नं फोटोत बघावी लागतील. ते माझं मी बघून घेईन. पण बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन माझी ड्यूटी बघून ठरवावं लागणार असेल, तर ते मी एकटीनं कबूल करून चालणार नाही. आणि डॉक्टर मुलगी घरात असणार, म्हणून सगळ्यांची भिस्त माझ्यावर. नेमकी तीच घरी नसणार.

म्हणून आज विचारलंच. बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "माझं धरून बसू नकोस." मी म्हटलं, "बाबा, हे उत्तर नाही झालं." मग पेपर खाली ठेवला. म्हणाले, "दवाखान्याच्या खेपांना तुझा भाऊ आहे. पण तू डॉक्टर झालीस की मला औषधांची नावं सांगत बसू नकोस, नीट बसून बोल." एवढंच. आईनं फीचे हप्ते कसे भरायचे ते विचारलं, ती नेहमीच मुद्द्याचं विचारते.

नवरा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तू घरी नसशील ते मला जमेल. तू घरी असशील आणि तुझ्यात बोलायचंही त्राण नसेल, त्याचं काय करायचं ते सांग." माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. सर्जरीच्या शाखा धरायच्या नाहीत, इंटर्नशिप झाल्यावर लगेच पीजीच्या (एमडी वगैरे) मागे न लागता पुन्हा एकदा बसून ठरवायचं, आणि मधेच सोडावंसं वाटलं तर "इतकी वर्षं गेली" हे कारण दोघांनीही पुढे करायचं नाही, इथवर आलो. त्याच्या पगारावर घर किती वर्षं ओढता येईल तेही मांडून झालं. ओढाताण होईल, पण होईल.

परीक्षेचा अर्ज भरणार आहे. मूल होऊ देण्याचा विषय मात्र दोघांनीही शिताफीनं टाळला. तो रविवारी काढायचा, तोवर फी भरायची नाही असं ठरलंय.