आमची वाटचाल: वनस्पती तेलातून यंत्राचं वंगण

आमचा मूळ धंदा खनिज तेलाच्या वंगणांचा. बेस ऑइल, म्हणजे वंगणाचं मूळ तेल आणायचं, त्याचे गुण वाढवणाऱ्या रसायनांचं बाजारात मिळणारं तयार ॲडिटिव्ह पॅकेज ठरलेल्या टक्केवारीत मिसळायचं, तपासायचं आणि बॅरल भरायचे. वनस्पती तेलाकडे आम्ही पर्यावरणाच्या ओढीने वळलो असं लिहिलं तर छान दिसेल, पण ते खरं नाही. एका ग्राहकाची यंत्रं पाण्याच्या काठावर चालायची. तेल गळलं तरी ते लवकर कुजून जावं, एवढीच त्याची अट होती. आम्ही ‘बघतो’ म्हणालो आणि बघता बघता त्यातच गुंतलो.

कागदावर वनस्पती तेल देखणं असतं. तापमान वाढलं की प्रत्येक तेल पातळ होतं, पण वनस्पती तेल त्या मानाने कमी. हे व्हिस्कॉसिटी इंडेक्सने मोजतात: आकडा जास्त तितका तापमानाने दाटपणा कमी बदलतो. साध्या खनिज तेलाचा इंडेक्स शंभराच्या आसपास असतो, तर बऱ्याच वनस्पती तेलांचा २०० च्या घरात. फ्लॅश पॉइंट, म्हणजे तेलाची वाफ ठिणगीने पेटते ते तापमान, बहुधा ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे आगीचा धोका कमी. शिवाय त्याचे रेणू ध्रुवीय, म्हणजे त्यांच्या एका भागावर किंचित विद्युतभार, त्यामुळे ते धातूला आपणहून चिकटून राहतं. घर्षण कमी करण्याचं निम्मं काम तिथेच होतं.

म्हणून सुरुवात सोप्या जागेपासून केली. काँक्रीटच्या साच्यांना लावायचं शटरिंग ऑइल आणि लाकूड कापणाऱ्या साखळी-करवतीचं तेल. ही तेलं एकदा वापरून संपतात, टाकीत महिनोन्‌महिने फिरत नाहीत. तेल जुनं व्हायला वेळच मिळत नाही, त्यामुळे ॲडिटिव्हची फार कसरत लागत नाही. या मालावर आमचा जम बसला आणि पुढच्या प्रयोगांचा खर्च निघाला. नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना मी आजही हाच क्रम सांगतो.

खरी अडचण हायड्रॉलिक तेलापाशी, म्हणजे दाबाने यंत्राचे भाग हलवणाऱ्या तेलापाशी सुरू होते. तिथे तेच तेल गरम होतं, त्यात हवा घुसळली जाते, पंपातल्या तांब्या-पितळेला ते घासत राहतं. वनस्पती तेल म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्लं. त्यांत जितके दुहेरी बंध जास्त, तितका ऑक्सिजन लवकर शिरतो. ओलिक आम्लात एक बंध, लिनोलिकमध्ये दोन, लिनोलेनिकमध्ये तीन. एकावरून दोनावर गेलं की ऑक्सिडेशनचा वेग कितीतरी पटींनी वाढतो. तेल आधी खवट होतं, मग आम्लता चढते, दाटपणा वाढतो आणि शेवटी झडपांवर पिवळट, चिवट थर बसतो. रॉकेलने पुसूनही तो निघत नाही.

मग दुहेरी बंधच नसलेलं तेल का नको? कारण ते गोठतं. नारळाचं तेल ऑक्सिडेशनला पक्कं, पण पंचवीस अंशांच्या खाली घट्ट व्हायला लागतं. टिकाऊपणा आणि वाहतेपणा यांची ही ओढाताण कुठलंही ॲडिटिव्ह पूर्ण मिटवत नाही. म्हणून निम्मी लढाई तेल निवडतानाच जिंकावी लागते. आम्ही साधं सोयाबीन सोडलं आणि ८० टक्क्यांहून जास्त ओलिक आम्ल असलेलं सूर्यफूल तेल घेतलं. एरंडेलही वापरतो, पण जपून. त्यात ८५ ते ९० टक्के रिसिनोलिक आम्ल, वंगण म्हणून उत्तम, पण ४० अंशांवरही फार दाट आणि खनिज तेलात नीट न मिसळणारं. (पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या रोटरी इंजिनांत एरंडेल घालायचे, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. ज्या गुणामुळे तिथे त्याची निवड झाली, तोच आम्हाला मिश्रण करताना आडवा येतो.)

आता ॲडिटिव्ह. खनिज तेलासाठी बनलेलं पॅकेज वनस्पती तेलात ओतून चालत नाही, आणि विकणारे हे क्वचितच सांगतात. झीज रोखणारं झिंक डायथायोफॉस्फेट धातूच्या पृष्ठभागावर बसूनच काम करतं. खनिज तेलात ती जागा मोकळी असते. वनस्पती तेलात तेलाचेच रेणू आधी येऊन बसलेले असतात, गाडीत रुमाल टाकून जागा धरल्यासारखे. नुसता डोस वाढवून फायदा मर्यादित मिळतो. आम्ही जास्त ध्रुवीय फॉस्फेट आणि गंधकयुक्त वनस्पती तेलाकडे वळलो. गंधकयुक्त तेल मूळ तेलात छान मिसळतं. मात्र त्यातलं गंधक ‘सक्रिय’ असेल तर तांबं काळं पडतं, त्यामुळे धातू कापताना वापरायच्या कटिंग ऑइलचा माल आणि हायड्रॉलिकचा माल आम्ही वेगळा ठेवतो. शिवाय जस्त पाण्यातल्या जिवांना घातक. काठावर चालणाऱ्या यंत्राला जस्ताचं तेल द्यायचं तर वनस्पती तेलाचा खटाटोप कशाला?

ऑक्सिडेशन रोखणाऱ्या अँटिऑक्सिडंटबाबत एकावर भागत नाही. बीएचटी किंवा टीबीएचक्यूसारखी फिनॉलिक संयुगं कमी तापमानाला चांगली, पण बीएचटी गरम तेलातून उडून जातं. वरच्या तापमानाला अल्किलेटेड डायफिनिलअमाइन तग धरतं. दोन्ही मिळून एकट्यापेक्षा जास्त टिकतात. सोबत टोलिलट्रायझोल अगदी थोडं, कारण तांबं स्वतःच ऑक्सिडेशन भडकवतं आणि हे संयुग तांब्यावर पातळ थर धरून ते शांत ठेवतं. खनिज तेलात अर्ध्या टक्क्यात जे काम होतं, त्याला इथे एक ते दोन टक्के लागतात. नफ्याचा हिशेब तिथेच बदलतो.

गोठणं लांबवायला पॉलिमेथॅक्रिलेट घालतो. पण पोर पॉइंटच्या, म्हणजे तेल वाहतं राहण्याच्या सर्वांत कमी तापमानाच्या आकड्यावर माझा विश्वास कमी. चाचणीत तेल लवकर थंड होतं आणि उणे आकडा दाखवतं, तेच तेल त्याहून बऱ्याच वरच्या तापमानाला काही दिवस ठेवलं की ढगाळतं आणि बसतं. म्हणून आम्ही प्रत्येक नव्या मिश्रणाचं सॅम्पल थंडीत नुसतं ठेवून देतो.

मोठी उपकरणं आमच्याकडे नाहीत. ऑक्सिजनच्या दाबाखाली १५० अंशांवर तेल किती मिनिटं टिकतं, ती आरपीव्हीओटी चाचणी आणि चार गोळ्यांची झीज चाचणी बाहेरच्या प्रयोगशाळेतून करून घेतो. रोजची चाळणी मात्र घरचीच: तेलात तांब्याची तार सोडून ओव्हनमध्ये ठेवायची, आणि आम्लता व दाटपणा मोजत राहायचं. नापास होणारं मिश्रण इथेच कळतं, बाहेर पाठवण्याचा खर्च वाचतो.

पाण्यावर ॲडिटिव्हचा इलाज तोकडा आहे. टाकीत पाणी शिरलं की ग्लिसरॉल आणि मेदाम्लं जोडणारे एस्टरचे बंध तुटतात आणि मोकळी मेदाम्लं धातू खातात. आम्ल शोषणारं कार्बोडायइमाइड थोडा वेळ मिळवून देतं, त्याहून जास्त नाही. त्यामुळे ऑर्डर घेण्याआधी आम्ही टाकीचं सरासरी तापमान, पाणी शिरण्याच्या जागा आणि आधी कुठलं तेल होतं ते विचारतो. जुनं खनिज तेल नीट फ्लश न करता, म्हणजे धुऊन न काढता आमचं तेल ओतणार असतील तर माल देत नाही. सतत ८० अंशांच्या वर चालणाऱ्या यंत्रांनाही नाही म्हणतो. तिथे ग्लिसरॉलचा सांगाडाच कमजोर पडतो. त्याच्या जागी ट्रायमिथिलॉलप्रोपेन घालून बनवलेले एस्टर जास्त उष्णता सोसतात. सध्या ते आम्ही बाहेरून घेऊन सूर्यफूल तेलात वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून पाहतो आहोत. तेल ‘सहज विघटनशील’ ठरायला २८ दिवसांच्या चाचणीत किमान ६० टक्के विघटन लागतं, आणि नवं मिश्रण ॲडिटिव्हसकट त्या अटीत बसवायचं काम अजून चालू आहे.